नोकरी आणि एम.ए.: तुमचे तास कुणाकडून उसने येतात?

दिवसअखेर | रविवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होते. आज लिहायला बसले, कारण उद्याचं पहिलं लेक्चर रद्द झालंय आणि त्या आनंदात झोप उडाली आहे.

वय ३४. पुण्यात एका सहकारी बँकेत नऊ वर्षं नोकरी, सध्या कॅश आणि गरज पडली तर सोनेतारण. एक मुलगा, दुसरीत. गेल्या वर्षी एम.ए. अर्थशास्त्राला नियमित प्रवेश घेतला. बहिःस्थ का नाही केलंस, हे सगळ्यांनी विचारून झालंय. एकटीनं पुस्तक उघडून बसायची शिस्त माझ्यात नाही, हे बी.कॉम.नंतर दोनदा फी भरून कळलं. आमच्या कॉलेजात पदव्युत्तरचे वर्ग सकाळी सव्वासातला भरतात, साडेनऊला सुटतात. शाखा दहाला उघडते. मधे तीस मिनिटं आणि कर्वे रस्ता.

दुसऱ्या सत्रात नव्या धोरणाप्रमाणे ओजेटी आलं, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट, क्रेडिटला तीस तास, एकूण १२० तास. वर्गातली बावीस वर्षांची पोरं कुठे कुठे अर्ज घेऊन फिरत होती. मी विभागप्रमुखांना विचारलं, सर, मी नऊ वर्षं जॉबवरच आहे, माझं काय करायचं? ते म्हणाले, नोकरी चालेल, पण डायरी सगळ्यांसारखी लागेल. तारीख, वेळ, काय केलं, काय शिकलात, अधिकाऱ्यांची सही. झालं! मी माझ्याच शाखेत प्रशिक्षणार्थी. ‘शिकण्याची तयारी’ या रकान्यात काय लिहू म्हणून आमचे साहेब पाच मिनिटं हसत होते. (शेवटी ‘बरी’ लिहिलं.)

सगळे म्हणाले, एका रविवारी बसून १२० तास मारून टाक. मी खरं लिहायचं ठरवलं आणि तिथेच फसले. पहिल्याच सोमवारी लिहिलं, ‘१०.०० ते १०.२०, काउंटर’. आणि हात थांबला. दहा ते दहा वीस मी काउंटरवर नव्हतेच, नळ स्टॉपच्या सिग्नलला होते. आलेली चार माणसं शेजारच्या काउंटरवरच्या ताईंनी आपल्याकडे ओढून घेतली होती.

दुसरा प्रसंग त्याच आठवड्यातला. आदल्या रात्री अंतर्गत परीक्षेसाठी दोनपर्यंत जागले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅश पाचशेनी कमी. कॅश जुळल्याशिवाय कॅशियर हलत नाही, हे ठीक. पण ताईंची कॅश चारलाच जुळली होती. त्या पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या, ती खाली ठेवली आणि माझी व्हाउचरं एकेक करून लावायला बसल्या. पावणेसातला सापडली. पाचशेची नोट मोजायच्या यंत्राच्या मागे, भिंतीला चिकटून उभी होती. ताई एवढंच म्हणाल्या, ‘चला, माझी पाच चाळीसची गेली, आता सव्वासातची.’ बस हो. त्या हडपसरला राहतात.

त्या रात्री डायरीच्या शेवटच्या पानापासून मी दुसरी नोंद सुरू केली. नमुना देते.

ताई, २० मि., सिग्नल.
सासूबाई, सव्वा तास, पोळ्या, लेकाचा डबा, लेक.
नवरा, ४० मि., व्हॅन चुकली, शाळेत सोडलं.
वर्गातली मुलगी, अर्धा तास, चुकलेल्या लेक्चरचा ऑडिओ ऐकून नोट्स समजावल्या.
ताई, पावणेतीन तास, ते पाचशे.

ओजेटी संपलं तेव्हा पुढच्या पानांवर १२० तास होते, मागच्या पानांवर ७३. आणि हे फक्त मला दिसले तेवढे.

तर वेळेचं नियोजन कसं करावं, हे प्लीज नको. त्यावर व्हिडिओ पुष्कळ आहेत आणि ते बघण्यात माझा एक अख्खा रविवार गेलेला आहे. मला विचारायचंय ते हे: नोकरी करून शिकताना तुमचे तास नेमके कुणाच्या खिशातून येतात? आणि तुम्ही ते परत करता का? कसे?

---

कोरी_वही | रविवार, रात्री ११.४८

वाचतेय. एम.कॉम. दुसरं वर्ष + सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप. सप्टेंबरात ऑडिटच्या तारखा जवळ आल्या की आमच्याकडे कुणाचाच तास शिल्लक नसतो, उसनाही मिळत नाही. ‘शिकण्याची तयारी: बरी’ 😂

---

साडेचारचा_गजर | सोमवार, सकाळी ६.०५

नियोजन नको म्हणालात, तरी सांगतो. मी नोकरी करून एमबीए केलं ते फक्त पहाटे उठून. साडेचारला गजर, मोबाईल दुसऱ्या खोलीत, पाच ते सात अभ्यास. दोन वर्षांत एकही खाडा नाही. कुणाकडून काही उसनं घ्यावं लागलं नाही. स्वतःचीच झोप कमी केली.

---

दिवसअखेर | सोमवार, सकाळी ६.१२

@साडेचारचा_गजर, मनापासून कौतुक. एकच शंका. साडेचारला चहा कोण करत होतं?

---

साडेचारचा_गजर | सोमवार, सकाळी ६.३१

आई.

बरं. मुद्दा पोचला.

---

तासिका | सोमवार, दुपारी १.१५

मराठवाड्यातून लिहितोय. दोन तालुक्यांतल्या दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतो, एकीकडे आठवड्याला नऊ तास, दुसरीकडे सात. सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्याची पात्रता परीक्षा, झालेली आहे. पीएच.डी. अर्धवेळ, चौथं वर्ष चालू.

२०२२च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रबंधाला सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. बायकांना त्यावर दोन वर्षांची सवलत. दर सत्राला सल्लागार समितीपुढे उभं राहून काय केलं ते सांगायचं. अर्धवेळ नोंदणीला नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. आता गंमत बघा. आमची नेमणूक त्या त्या सत्रापुरती. उन्हाळ्यात मी नोकरीत असतो की नाही हे मलाच माहीत नसतं. मग हरकत नाही असं लिहून कोण देणार? पत्रासाठी मी तीन आठवडे फिरलो. क्लार्क म्हणाला, ‘सर, तुम्ही आमचे आहात की नाही ते आधी बघावं लागंल.’

बिलं अडकतात ते वेगळंच. गेल्या सत्राचे पैसे या सत्राच्या शेवटी आले. तोवर पेट्रोल स्वतःचं.

तुमचा प्रश्न वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. माझे तास थोरल्या भावाकडून येतात. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात विहिरीवर कुणीतरी जावंच लागतं, मोटार चालू करायची, बारं द्यायचं, वाफा भरला की पाणी फिरवायचं. वाटणीप्रमाणं निम्म्या रात्री माझ्या आहेत. चार वर्षांत मी फार तर दहा रात्री गेलो असेन. बाकी सगळ्या त्याच्या. तो दहावी आहे. प्रबंधाचा विषय विचारतो, मी सांगतो, तो म्हणतो, ‘हां, म्हणजे अवघडच दिसतंय, तू बस.’ आणि बॅटरी घेऊन जातो.

परतफेड म्हणाल तर ई-पीक पाहणी. त्याच्या मोबाईलवर ते ॲप नीट चालत नाही. बांधावर जाऊन फोटो काढायचा, लोकेशन पकडायचं, पेरा भरायचा, हे मी करतो. आमचं झालं की भावकीतल्या अकरा जणांचं पण. विम्याचे अर्जही माझ्याकडंच. भाऊ लोकांना सांगतो, आमचा डॉक्टर भरून देईल. अजून झालो नाही, पण गावात माझी पदवी त्यानं आधीच वाटून टाकली आहे.

---

गोधडी | सोमवार, दुपारी ३.४०

मी थोडं तिरकं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझे मिस्टर नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होते तेव्हा सहा वर्षं मी घर, दोन मुलं, त्यांची आई आणि माझी नोकरी ओढली. मागच्या पानावर कुणी काही लिहिलं नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीत मी होते, टंकलेखकाच्या वर. आणि आता एक बाई शिकायला लागली, तर ती लगेच हिशेबाची वही घेऊन बसलीये की मी सासूबाईंचा सव्वा तास घेतला, नवऱ्याची चाळीस मिनिटं घेतली. अहो, मुलगा त्यांचाही आहे ना? आपल्या लेकाला शाळेत सोडलं तर ते तुम्हाला उसने तास दिले, असं कसं?

पुरुष शिकतो तेव्हा घराचा वेळ त्याचाच असतो. बाई शिकते तेव्हा तिनं उधारी केलेली असते. नवऱ्याची ती ओळ खोडा आधी.

---

कोरी_वही | सोमवार, दुपारी ३.५२

+१००. टंकलेखकाच्या वर!!

---

तासिका | सोमवार, दुपारी ४.२०

गोधडीताई, बरोबर आहे. मी भावाचं लिहिलं आणि बायकोचं नाव सुद्धा आलं नाही प्रतिसादात. ती अंगणवाडीत आहे. आत्ता हे लिहितोय तेव्हा मुलगी तिच्याकडंच आहे.

---

दिवसअखेर | सोमवार, रात्री १०.१०

गोधडीताई, राग नाही, उलट वर्मावर बोट ठेवलंत. नवऱ्याची ओळ खोडली, खरंच खोडली, लाल पेनानं. सासूबाईंची मात्र नाही खोडणार. लेक नवऱ्याचा आहे, त्यांचा नातू आहे. पोळ्यांचं कंत्राट त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच पुरं केलं होतं. आता ६६व्या वर्षी पुन्हा पहाटे पाचला कणीक मळायची हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. मी प्रवेश घेतला आणि ते त्यांच्या अंगावर येऊन पडलं. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

---

बाजूची_खुर्ची | सोमवार, रात्री ११.०५

मी शिकत नाही. मी या धाग्यातली ‘ताई’ आहे. म्हणजे तुमची नव्हे, दुसऱ्या कुणाची तरी. सरकारी कार्यालयात आवक-जावक बघते. माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मुलानं नोकरीत राहून एलएल.बी. आणि मग एलएल.एम. केलं. पाच वर्षं.

आमच्या बाजूनं कसं दिसतं ते सांगते. पहिल्या वर्षी छान वाटतं. पोरगं शिकतंय, करू दे. त्याचा फोन आपण घ्यायचा, साहेबांनी विचारलं तर ‘आत्ताच खाली गेलाय’ म्हणायचं. दुसऱ्या वर्षी सवय होते. तिसऱ्या वर्षी एक दिवस तुमचं स्वतःचं काही निघतं. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि मला बुधवारी अर्धा दिवस हवा होता. तो म्हणाला, ‘मॅडम, बुधवारी माझा पेपर आहे ना.’ खोटं नव्हतं ते, पेपर होताच. पण मला त्या क्षणी कळलं की अडचणी आता फक्त त्याच्याच धरल्या जातात. माझ्या अडचणींना परीक्षेसारखी तारीख आणि हॉल तिकीट नसतं.

मी रजा टाकली. तो पास झाला. पेढे आणले, माझ्या टेबलवर सगळ्यांत आधी ठेवले, पाया पडला. मुलगा खरंच चांगला आहे. पण पाच वर्षांत त्यानं एकदा जरी आपणहून विचारलं असतं, ‘मॅडम, या महिन्यात तुम्हाला कुठला दिवस हवाय?’, तर पेढा जास्त गोड लागला असता.

तास मोजून परत नका करू हो. माणूस काही बँक नाही. फक्त विचारा.

---

थंड_डबा | मंगळवार, पहाटे ३.२५ (इथे रात्रीचे अकरा वाजून गेलेत)

जर्मनी, आखन. मास्टर्सचं तिसरं सत्र.

आमच्याकडे तास कायद्यानंच मोजलेले असतात. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. आधी १२० आणि २४० होते. विद्यापीठातच सहायकाचं काम मिळालं तर ते या दिवसांत धरत नाहीत, त्यामुळे त्या जागांवर सगळे टपलेले. कंपनीत ‘वर्कस्टुडंट’ लागलात तर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास. मला यातलं काहीच पहिल्या वर्षी मिळालं नाही, कारण मुलाखतीत माझं जर्मन ‘माझं नाव अमुक, मी पुण्याहून आलो’ इथेच संपायचं. मग पार्सलच्या गोदामात संध्याकाळी पाच ते नऊ. पट्ट्यावरून खोकी येतात, स्कॅन करायची आणि पिन कोडप्रमाणे जाळीच्या गाड्यांत रचायची. वॉशिंग पावडरची खोकी दिसायला छोटी, उचलायला गेलं की कळतं. तिथून नऊ वीसची बस, खोली, डबा उघडला की दुपारचा भात थंडगार. नाव तिथूनच घेतलं.

आता तास कुणाचे. पहिले माझ्या बाबांचे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात भरावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. ते कर्ज काढून भरलेत. कर्जाचं व्याज आत्ता चालू आहे. त्यासाठी बाबांनी निवृत्त झाल्यावर दोन सोसायट्यांचे हिशेब लिहायचं काम धरलंय. मी गोदामात चार तास उभा असतो तेव्हा तिकडे ते चष्मा लावून कुणाचा तरी मेंटेनन्स टॅली करत असतात. आम्ही दोघं पार्ट टाइम आहोत, असं तेच म्हणतात.

दुसरे घरातल्या पोरांचे. आम्ही चौघं एका घरात, चार देशांचे. फ्रिजवर साफसफाईचा तक्ता लावलेला. स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, कचरा, जिना. नाव आणि आठवडा. मला पहिल्यांदा हे फार कोरडं वाटलं होतं. आपल्याकडे असं कागदावर लिहिलं तर माणसं दुखावतात. पण फेब्रुवारीत परीक्षा आल्या. इथे बहुतेक ठिकाणी एका विषयात तिसऱ्यांदा नापास झालात की खेळ खल्लास, आणि माझा एक विषय दुसऱ्या फेरीत होता. तेव्हा सीरियाच्या पोरानं तक्त्यावर माझं नाव खोडून तीन आठवडे स्वतःचं घातलं. न बोलता. विषय सुटला. मी एप्रिलमध्ये त्याची तीन नावं खोडून माझं घातलं. विषय संपला, मनात काही उरलं नाही. (वर एकदा पोहे केले. त्यानं लिंबू पिळून पिळून खाल्ले.)

त्यामुळे ‘बाजूची खुर्ची’ ताईंशी मी निम्मा सहमत. विचारणं हवंच, पण लिहिणंही वाईट नाही. तक्ता दोघांना दिसणाऱ्या भिंतीवर हवा. डायरीच्या मागच्या पानावर तो फक्त आपल्यालाच दिसतो.

---

साडेचारचा_गजर | मंगळवार, सकाळी ६.०२

शेवटची ओळ लागली.

काल आईला विचारलं, तेव्हा तुला त्रास झाला का गं? म्हणाली, ‘मी नाहीतरी उठायचेच.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘साडेपाचला.’

---

खणवाला | मंगळवार, सकाळी १०.३०

सर्वांना नमस्कार. वय ६९. नातीनं हा धागा वाचून दाखवला. आता मी सांगतोय आणि ती टाईप करते आहे, म्हणजे हाही एक उसना तासच.

मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होतो. भुसावळ ते मुंबई. हल्लीच्या मुलांना हे खातं ठाऊक नसेल. मेल गाडीला टपालाचा वेगळा डबा असायचा. आत दोन्ही बाजूंना लाकडी खण, प्रत्येक खण एका गावाचा किंवा एका बाजूचा. गाडी पळते आहे, वर पिवळा दिवा, आणि आम्ही उभ्यानं पत्रं त्या त्या खणात मारत चाललो आहोत. पुढचं स्टेशन यायच्या आत त्या गावचा खण रिकामा करून गठ्ठा सुतळीनं बांधून थैलीत गेलाच पाहिजे. चाळीसगाव आलं आणि चाळीसगावची थैली शिवलेली नसेल, तर ती पत्रं मुंबई बघून परत येत. गाडी कुणासाठी थांबत नसे.

त्यात मी बाहेरून एम.ए. केलं, इतिहास, १९८४ ते ८६. मुंबई विद्यापीठाचं पत्राद्वारे शिक्षण १९७१ पासून सुरू झालेलं होतं. नोट्स टपालानं घरी येत. आणि एका रात्री कल्याण सुटल्यावर, गठ्ठा सोडला, तर हातात माझाच पत्ता. विद्यापीठाचं जाड पाकीट, वर माझं नाव, भुसावळ. परीक्षा महिन्यावर आली होती आणि त्या नोट्सची मी तीन आठवडे वाट बघत होतो. फोडलं नाही. फोडायचं नसतं. भुसावळच्या खणात टाकलं, बांधलं, थैलीत घातलं. सकाळी भुसावळला मीच ती थैली उतरवून दिली. तिसऱ्या दिवशी पोस्टमन घरी घेऊन आला. मी सही केली.

उसन्या तासांबद्दल. डब्यात आम्ही सहा जण होतो. त्यातल्या दोघांनी परीक्षेच्या महिन्यात माझे खण वाटून घेतले. मला इगतपुरीपासून पुढे तासभर थैल्यांवर बसून वाचू द्यायचे. हेड सॉर्टर तिकडे पाठ करून उभा राहायचा, म्हणजे त्याला ‘दिसायचं’ नाही. ते उपकार मी त्यांना परत केले नाहीत. पुढे डब्यात नवीन पोरगा आला, बी.ए. करणारा, त्याचे खण मी मारले. त्यानं पुढे कुणाचे मारले असतील. टपालखात्याची सवय, आलेलं पुढच्या गावाला द्यायचं.

माझे थोरले भाऊ मुंबईत गोदीत होते. ते सिद्धार्थ कॉलेजात शिकले. डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ साली काढलेलं. तिथे सकाळी वर्ग भरायचे, नोकरीवाल्यांना जमावं म्हणून. भाऊ सांगायचे, वर्गात निम्मे लोक कामावरून झोप न घेता आलेले असत. सव्वासातचं लेक्चर आमच्या घरात फार जुनं आहे बाई. बसत जा पहिल्या बाकावर.

(आजोबा थांबले. आता चहा मागताहेत. — नात)

---

कोरी_वही | मंगळवार, सकाळी १०.५५

आजोबांना साष्टांग. स्वतःचं पाकीट स्वतः सॉर्ट केलं आणि तीन दिवस वाट बघितली. मी तर डिलिव्हरी ॲपवर दर चार मिनिटांनी नकाशा बघते.

---

वडाची_पारंबी | मंगळवार, दुपारी २.३५

मी थोडी उलटी केस. सातारा जिल्ह्यातली. ‘कमवा आणि शिका’मधून शिकले, तेही दोन पिढ्या. माझे वडील कर्मवीर भाऊरावांच्या संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. (रयत १९१९ची, कराडजवळच्या काल्यात सुरू झालेली.) ते तिथे बागेत आणि शेतात काम करायचे. मी विद्यापीठात एम.एस्सी. करताना त्याच योजनेत रोज तीन तास. आधी बागेत, मग एका विभागात कार्ड लावायला, शेवटी ग्रंथालयात पुस्तकं जागेवर ठेवायला.

त्यात मला एक बरं वाटायचं. तीन तास भरले, सही केली, महिन्याला तासांचे पैसे आले. कुणाचे उपकार नाहीत. घरून पैसे मागवायचे नव्हते, कारण नव्हतेच. पण धागा वाचून आठवलं. प्रयोगशाळेत माझ्या जोडीदारणीनं किती वेळा माझं टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत थेंब थेंब टाकायचा प्रयोग) पुरं केलं असेल, कारण तीनला मला ग्रंथालयात सही करायची असायची. ती गुलाबी रंगाची वाट बघत उभी राहायची आणि मी पळायचे. जर्नलमध्ये रीडिंग दोघींचं एकच. तिला कधी पैसे मिळाले नाहीत त्याचे. आज रात्री फोन करते.

---

बाजूची_खुर्ची | मंगळवार, दुपारी ४.१०

करा. आणि काम काही काढू नका फोनवर, नुसताच करा.

---

दिवसअखेर | शनिवार, रात्री १०.४५

मधे गायब होते. तिसऱ्या सत्राच्या शोधप्रकल्पाचा विषय द्यायचा होता, तो दिला. सोनेतारण कर्ज आणि जून महिना. दर वर्षी मे संपता संपता आमच्या काउंटरवर पाटल्या, मंगळसूत्राच्या वाट्या, एकदाणी यायला लागतात. कुणाची पेरणी, कुणाची शाळेची फी. दिवाळीनंतर त्याच वस्तू त्याच बायका सोडवून नेतात. नऊ वर्षं हे हातांतून गेलंय आणि विषय शोधायला मी ग्रंथालयात बसले होते. थंड_डबा, साडेचारचा_गजर, सगळ्यांचे आभार. आजोबांना सांगा, परवा पहिल्या बाकावर बसले होते. झोप लागली, पण पहिल्या बाकावर.

आता मुख्य गोष्ट. डायरी भिंतीवर लावायची हिंमत नव्हती, पण बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मागची पानं ताईंपुढे ठेवली. वाटलं होतं त्या संकोचतील किंवा ‘अगं असं काय करतेस’ म्हणतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि बोटानं एकेक ओळ खाली सरकत वाचली, व्हाउचर तपासतात तशी. मग म्हणाल्या, ‘हे चौदा तारखेचं चुकलंय. वीस मिनिटं नाही, पस्तीस. त्या दिवशी तू आलीस तेव्हा पेन्शनवाले सगळे संपले होते.’

दुरुस्त केलं. बाजूला त्यांची सही घेतली, बँकेच्या पद्धतीनं.

मग ‘बाजूची खुर्ची’ ताईंचं ऐकून विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी डबा बंद केला, रुमालात बांधला आणि म्हणाल्या, जेएआयआयबी. बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा. मला खरं वाटेना. त्यांनी ती परीक्षा वीस वर्षांपूर्वी द्यायला घेतली होती, तेव्हा तीन पेपर होते. दोन सुटले, तिसऱ्याच्या वेळी मुलगी झाली आणि राहून गेलं. आता नवा अभ्यासक्रम आहे, पेपर चार, म्हणजे जुने दोनही गेल्यातच जमा. त्या ५२ वर्षांच्या आहेत. बढतीसाठी वगैरे नाही. ‘राहिलंय ते खुपतं गं,’ म्हणाल्या.

तर आता रोज जेवणाच्या सुट्टीनंतर वीस मिनिटं त्यांचं काउंटर माझ्याकडे. त्या आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसतात. पहिला पेपर भारतीय अर्थव्यवस्थेचाच आहे, त्यामुळे अधूनमधून दार किलकिलं करून विचारतात, ‘ही राजकोषीय तूट म्हणजे काय सांगितलं होतंस काल?’ आणि रांगेतले आजोबा माझ्याकडे बघतात.

त्यांनीही वही केली आहे, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानांची. काल पहिली नोंद दाखवली. ‘हिच्याकडून २० मि.’ आणि खाली कंसात, ‘दोघांना सुट्टे कमी दिले, मी नंतर मिटवलं, ८ मि. वजा.’

सासूबाईंना अजून विचारलेलं नाही. उद्या रविवार आहे. पाचचा गजर मी लावलाय, कणकेचा डबा कुठे असतो तेवढं आत्ताच बघून ठेवते.